कल्चर रिपोर्ट हातात आला की आधी काय बघायचं (पेशंटच्या नातेवाइकांसाठी)

लातूर असो, नांदेड असो की संभाजीनगर, आयसीयूच्या बाहेर सतरंजी टाकून बसलेल्या नातेवाइकांच्या मोबाईलमध्ये हमखास एका कागदाचा फोटो असतो, कल्चर रिपोर्टचा (रक्त, लघवी, बेडका यातला जंतू लॅबमध्ये वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते तपासलेला कागद), त्यात खाली औषधांपुढं आर आर आर, म्हणजे लागू पडत नाही, अशी रांग, आणि तो फोटो गावाकडच्या मेडिकलवाल्याला, पुण्यातल्या भाच्याला, सगळ्यांना जाऊन आलेला असतो. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करतो, लोक खिडकीवर येऊन विचारतात दादा सगळं आर आलंय म्हणजे आता औषधच नाही का. तसं नसतं ओ. कागद वरून खाली वाचायचा असतो अन लोक थेट खालून सुरू करतात, म्हणून हे लिहायलोय. औषध बदला, बंद करा हे सांगायला नाही, ते डॉक्टरचं काम. तुम्हाला डॉक्टरला नीट प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठी.

समजा औशाकडची एक आजी आहे. अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, लघवीची नळी टाकली, आणि चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप. ॲडमिट होऊन ४८ तास उलटल्यावर सुरू झालेलं इन्फेक्शन, जे येताना अंगात नव्हतं, त्याला दवाखान्यात लागलेलं इन्फेक्शन धरतात. ऑपरेशनच्या जखमेसाठी हिशोब लांब असतो, ३० दिवस, आणि आत रॉड, प्लेट किंवा सांधा बसवला असेल तर ९० दिवस, म्हणजे आजी घरी जाऊन महिन्या दीड महिन्याने टाक्यातून पू आला तरी गावातच मलमपट्टी करत बसायचं नाही, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला दाखवायचं. हे ४८ तासांचं गणित एवढ्यासाठी की उन्हाळी लागल्यावर घरच्या माणसाच्या लघवीत सापडणारा ई. कोलाय अन आयसीयूतला क्लेबसिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर यांच्यात लई फरक असतो, आयसीयूतल्या जंतूनं बरीचशी औषधं आधीच बघितलेली असतात. आणि मागच्या तीन महिन्यांत पेशंटला कुठं सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं होतं का, मेडिकलवरून सेफिक्झिमची पट्टी आणून खाल्ली होती का, हे लपवू नका, डॉक्टर रागावतील म्हणून लोक सांगत नाहीत, पण पहिलं औषध कोणतं निवडायचं ते यावरच ठरतं.

आता कागद. सगळ्यात वर सॅम्पल कुठलं अन कधी घेतलं ते लिहिलेलं असतं, तिथं थांबा, कारण अर्धा रिपोर्ट तिथंच आहे. रक्तात जंतू सापडणं आणि घशातल्या नळीतून ओढलेल्या बेडक्यात सापडणं एकसारखं नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या नळीत, लघवीच्या पिशवीत, उघड्या जखमेवर जंतू नुसते राहायला येतात, त्रास न देता. बेडक्यात ॲसिनेटोबॅक्टर आला पण ताप नाही, एक्सरेत नवीन डाग नाही, ऑक्सिजन वाढवावा लागलेला नाही, तर बऱ्याचदा त्याला औषध लागतच नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, डॉक्टरसाहेब हा जंतू त्रास देतोय की नुसता सापडलाय.

रक्ताचं उलटं, तिथं जंतू सहसा नुसता राहायला येत नाही. दोन वेगवेगळ्या जागेवरून रक्त घ्यायचं असतं, मोठ्या माणसाला एका बाटलीत ८ ते १० मिली, शक्यतो नवीन अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी. नातेवाईक म्हणतात किती रक्त काढायलेत, पण कमी रक्त घातलं तर जंतू असूनही सापडत नाही. आणि दोन्हीकडून घेतलं नसेल तर दुसरा घोळ होतो, कातडीवरचा साधा स्टॅफिलोकोकस सुईबरोबर बाटलीत उतरतो अन रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, मग तो खरा की कातडीवरचा हे कळायला मार्ग राहत नाही.

लघवीचं सॅम्पल पिशवीतून घ्यायचं नसतं, नळीवर सॅम्पलसाठी जे तोंड असतं त्या पोर्टमधून सिरिंजने घ्यायचं असतं, नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर आधी नळी बदलून. काढलेल्या नळीचं टोक कापून कल्चरला पाठवायची पद्धत काही ठिकाणी अजून चालू आहे, त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

आणि हे आपल्याकडच्या लोकांनी नक्की वाचावं. तालुक्याच्या दवाखान्यात कल्चरची सोय बहुतेक नसते, सॅम्पल लातूरला नाहीतर संभाजीनगरला जातं, कधी कलेक्शनचा पोरगा नेतो, कधी नातेवाइकाच्याच हातात डबी देतात. मे महिना, ४२ डिग्री, डबी गाडीच्या डिकीत. लघवी अशी दोन तास राहिली की जंतू आतल्या आत वाढत बसतात आणि लाखाच्या वर कॉलनी काउंट, म्हणजे जंतूंची मोजणी, येतो, तो पेशंटचा नसतो, डिकीचा असतो. लघवी बर्फाच्या डब्यात न्या, ४ डिग्रीला २४ तासांपर्यंत चालते. पण रक्ताच्या कल्चरची बाटली मात्र फ्रिजमध्ये अजिबात ठेवायची नाही, बर्फातही नाही, साध्या खोलीच्या तापमानाला, उन्हापासून लांब, जमेल तेवढ्या लवकर. या दोन गोष्टी लोक बरोबर उलट्या करतात.

रिपोर्टला तीन दिवस काहून लागतात असं विचारतात. जंतू वाढावा लागतो. प्लेटवर वाढायला १८ ते २४ तास, मग तो कोण ते ओळखायचं, मग औषधांसमोर ठेवून परत एक रात्र. ओळखायचा भाग माझ्या आवडीचा आहे, मॅककॉन्की नावाच्या, जंतू वाढवायच्या प्लेटवर क्लेबसिएला गुलाबी अन चिकट दिसतो, तारेने उचलला तर लाळेसारखी तार निघते, स्यूडोमोनास हिरवट झाक देतो आणि ऑक्सिडेजच्या कागदावर घासला की काही सेकंदांत जांभळा होतो, ॲसिनेटोबॅक्टर होत नाही, ई. कोलायच्या ट्यूबमध्ये इंडोलचा लाल कडा येतो. आता मोठ्या लॅबमध्ये मशीन हे सगळं छोट्या कार्डवर करतं. ग्रॅम स्टेनचा (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायची टेस्ट) प्राथमिक निरोप मात्र त्याच दिवशी मिळू शकतो, रक्ताची बाटली मशीनने पॉझिटिव्ह दाखवली की लॅब फोन करते, तेव्हा फायनल रिपोर्टच्या आधीच डॉक्टरला काही कळलंय का ते विचारा. निगेटिव्ह म्हणायला मात्र साधारण ५ दिवस थांबतात.

जंतूचं नाव वाचलं की मग खालची यादी. एस म्हणजे नेहमीच्या डोसला जंतू मरायची शक्यता चांगली, आर म्हणजे त्या औषधाची आशा नाही, आय मधला, काही औषधांत डोस वाढवून काम होतं. पण सगळे आर सारखे नसतात. काही जंतूंना काही औषधं जन्मापासूनच लागू पडत नाहीत, क्लेबसिएलाला अँपिसिलिन, स्यूडोमोनासला सेफ्ट्रायॅक्सोन, प्रोटियसला कोलिस्टिन. असे आर बघून रडायचं काही कारण नाही, ते कायमचेच आहेत. आणि यादीत एखादं मोठं औषध दिसत नसेल तर लॅब विसरली असं समजू नका, साधं औषध चालत असेल तर मोठ्या औषधाचा रिझल्ट मुद्दाम न छापायची पद्धत आहे, मला तर ती फार बरी वाटते.

शेजारी एमआयसी म्हणून आकडा असतो, कमीत कमी किती औषधाला जंतूची वाढ थांबली तो. इथं सगळे फसतात, म्हणतात ह्याचा १ आहे अन त्याचा ८, मग १ वालं भारी. सोयाबीनचा भाव क्विंटलला असतो अन सोन्याचा तोळ्याला, दोन आकडे शेजारी ठेवून कोण स्वस्त ते ठरत नाही, प्रत्येक औषधाची स्वतःची हद्द वेगळी असते. शेजारचं अक्षर बघा, आकडा डॉक्टरवर सोडा.

एस आलेलं प्रत्येक औषध चालतं असंही नाही. नायट्रोफ्युरँटोइन मूत्राशयातच काम करतं, रक्तातल्या इन्फेक्शनला त्याचा उपयोग नाही. टायजेसायक्लिन रक्तात अन लघवीत पुरेसं उतरत नाही. डॅप्टोमायसिन फुफ्फुसात गेलं की तिथला सर्फॅक्टंट, म्हणजे फुफ्फुसाच्या आतला पातळ थर, त्याला निकामी करतो, म्हणून न्यूमोनियाला देत नाहीत. रिपोर्टमध्ये ईएसबीएल असा शेरा असेल तर त्या जंतूकडे सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम आहे, अशा वेळी पायपरॅसिलिन टॅझोबॅक्टम कागदावर एस दिसलं तरी रक्तातल्या इन्फेक्शनला डॉक्टर मेरोपेनेम देतात, कारण या दोन औषधांची तुलना केलेल्या २०१८ च्या मेरिनो ट्रायलमध्ये ३० दिवसांत पायपरॅसिलिन टॅझोबॅक्टमच्या गटात १२.३ टक्के आणि मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के पेशंट दगावले होते. तेव्हा ‘स्वस्त औषध एस आहे तरी महागडं काहून लावलं’ असं म्हणून भांडायच्या आधी एकदा विचारा.

मेरोपेनेमच आर आलं असेल तर गोष्ट गंभीर आहे, खोटं सांगत नाही. आपल्या देशात यामागे बहुतेक एनडीएम नाहीतर ऑक्सा ४८ गटातलं, मेरोपेनेम तोडणारं एन्झाइम असतं. पण तिथंही रस्ता संपत नाही. एनडीएमला ॲझट्रियोनाम तोडता येत नाही, ते तोडणारी दुसरी एन्झाइम त्याच जंतूकडे असतात म्हणून ती अडवायला सेफ्टाझिडिम ॲव्हिबॅक्टम हे औषध सोबत जोडून देतात, खर्च डोळे फिरवणारा आहे. नाहीतर कोलिस्टिन. हे जुनं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून १९७० च्या दशकात मागं पडलेलं, दुसरं काही चालेना म्हणून परत काढलं. कोलिस्टिन चालू असेल तर क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्ताचा आकडा) किती अन चोवीस तासांत लघवी किती झाली हे रोज विचारायचं, वहीत लिहायचं. आणि लॅबने कोलिस्टिन कसं तपासलं तेही विचारा, प्लेटवर औषधाची टिकली (डिस्क) ठेवून वर्तुळ मोजायची पद्धत या औषधाला चालत नाही, त्याचा रेणू मोठा असल्याने आगारमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, नीट पसरत नाही आणि निकाल चुकीचा येतो.

आता रक्ताचे ते दोन आकडे, सीआरपी अन प्रोकॅल्सिटोनिन, ज्याला दवाखान्यात पीसीटी म्हणतात. सीआरपी लिव्हर बनवतं, सूज कसलीही असो, वाढतं. आजीच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन तीन दिवस सीआरपी शंभराच्या पुढं जाणं यात आश्चर्य काही नाही, इन्फेक्शन नसतानाही जातं. बघायचं ते हे की तिसऱ्या दिवसानंतर खाली यायला लागलं का, खाली येऊन परत चढलं का. लिव्हर फार खराब असलेल्या पेशंटला ते पाहिजे तेवढं वाढतही नाही.

पीसीटी जंतूंच्या इन्फेक्शनला जास्त जवळचं, काही तासांत चढतं, आणि इन्फेक्शन आटोक्यात आलं की दर चोवीस तासांनी साधारण निम्मं होत जातं. ०.५ च्या खाली असेल तर मोठं इन्फेक्शन कमी संभवतं, २ च्या वर असेल तर संशय बळावतो. पण भाजलेल्या, मोठा अपघात झालेल्या, किडनी बंद पडलेल्या पेशंटलाही ते वाढलेलं असतं, आणि नुसत्या मूत्राशयाच्या किंवा वरवरच्या जखमेच्या इन्फेक्शनला वाढतही नाही, त्यामुळे एकट्या आकड्यावर काही ठरत नाही. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या सेप्सिसच्या (इन्फेक्शन अंगभर पसरून अवयव बिघडतात त्याच्या) उपचारावरच्या जागतिक मोहिमेच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्येही हेच आहे की अँटिबायोटिक सुरू करायचं का हे ठरवायला पीसीटी वापरू नका, बंद कधी करायचं हे ठरवायला पेशंटच्या तब्येतीसोबत बघा. सगळ्यात वरच्या आकड्यापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ च्या खाली आलं आणि पेशंटही सुधारतोय, तर डॉक्टर बंद करायचा विचार करतात. म्हणजे १२ होतं ते २.४ वर आलं, एवढं पुरतं, शून्य व्हायची वाट बघायची नसते. टेस्ट महाग आहे, रोज करायची का हे विचारायला लाजू नका.

या दोन्ही आकड्यांतून औषध कोणतं चालेल ते कळत नाही, ते कल्चरच सांगतं, अन पेशंट सुधारतोय की नाही ते कल्चर सांगत नाही, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचे. साधी वही घ्या, तारीख, ताप, बीपीचं औषध चालू आहे का, पांढऱ्या पेशी, सीआरपी, पीसीटी, क्रिएटिनिन, कोणतं अँटिबायोटिक कधी सुरू. कल्चर आल्यावर एवढंच विचारा की आता यातलं एखादं कमी करता येतंय का. ‘साहेब हाय पावरचं लावा’ हे वाक्य मात्र बंद करा, त्या दबावाखाली औषधं लावली जातात हे मी रोज बघतो. व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियाला बऱ्याचदा ७ दिवस पुरतात, रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस आला तर कमीत कमी १४, तेव्हा शेजारच्या बेडला किती दिवस दिलं त्यावरून मोजू नका.

नळ्यांबद्दल रोज एकदा विचारायचं, लघवीची नळी अजून लागते का, मानेतली लाईन अजून लागते का. मला विचाराल तर या सगळ्या टेस्टपेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा, कारण नळी निघाली की जंतूचा रस्ताच जातो. पेशंटला हात लावायच्या आधी अन नंतर सॅनिटायझर, २० ते ३० सेकंद चोळून, पण पेशंटला जुलाब चालू असतील तर साबण पाणीच, सी. डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जंतूच्या बीजाणूंवर सॅनिटायझर चालत नाही. आणि भेटायला गाडी भरून माणसं आणू नका.

दुसरीकडं हलवायचं ठरलं, आपल्याकडून सोलापूर, हैदराबाद, पुणे चालूच असतं, तर नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन निघू नका. सगळे कल्चर रिपोर्ट, निगेटिव्ह आलेले सुद्धा, अँटिबायोटिकची नावं तारखांसहित, आणि जे कल्चर अजून लॅबमध्ये वाढतंय त्याचा नंबर अन लॅबचा फोन. पेशंट गाडीत असताना रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि जुन्या वॉर्डच्या ट्रेमध्ये पडून राहतो, असं पुष्कळदा होतं. नव्या दवाखान्यात शिरतानाच सांगा की आधी असा जंतू आला होता, ते वेगळा बेड देतील, त्यात कमीपणा नाही.

घरी आल्यावर आजीला ताप नाही, लघवीला जळजळ नाही, नीट जेवायली, तरी कोणीतरी सांगतं जंतू गेला का बघायला परत लघवीचं कल्चर करा. करू नका. नळी राहिलेली असेल तर त्यात काही ना काही उगवणारच, अन परत आर आर आर चा फोटो फिरायला लागेल.