आठ-डी रिपोर्ट भरला, तरी तोच डिफेक्ट परत का येतो?

कस्टमरची तक्रार आली की आठ-डी रिपोर्टमध्ये, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत लिहायच्या फॉर्ममध्ये, ठरलेलं वाक्य पडतं: 'ऑपरेटरचं दुर्लक्ष, ट्रेनिंग दिलं.' खाली सह्या. चाकणच्या पट्ट्यात मी असे कितीतरी रिपोर्ट पाहिलेत आणि दोन महिन्यांनी तोच डिफेक्ट परत आलेलाही पाहिलाय.

आमच्या शॉपमधलंच घ्या. ब्रॅकेटवर दोन वेल्ड नट हवेत, कस्टमरला एकच नट असलेला पीस गेला. नट का नाही? ऑपरेटर विसरला. इथंच 'का' संपला, ही सगळ्यात मोठी चूक. नट नसतानाही फिक्स्चरने (जॉब, म्हणजे पीस, पकडून ठेवणाऱ्या साधनाने) जॉब क्लॅम्प कसा केला? आणि तो पीस पुढच्या स्टेशनवरून, पॅकिंगमधून बाहेर कसा गेला? डिफेक्ट झाला का आणि सुटला का, हे दोन 'का' वेगळे लिहा. १९६१ मध्ये जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांच्यापुढे असाच प्रश्न होता. स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या, कामगार एखादी विसरायचा. त्यांनी दोन्ही स्प्रिंग आधी एका बशीत काढून ठेवायला लावल्या. जोडणीनंतर बशीत स्प्रिंग उरली तर चूक तिथंच दिसते. आम्ही फिक्स्चरला सेन्सर लावला. नट नसेल तर सायकल सुरूच होत नाही.

दुसरी चूक मोजमापाची. सीएनसी मशीनवरून उतरलेला शाफ्ट कोमट असतानाच मायक्रोमीटर लावतात. ५० मिमी व्यासाचं स्टील १० अंश जास्त गरम असेल तर सुमारे ६ मायक्रॉन फुगतं. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) २० मायक्रॉनचा असेल तर जवळजवळ तिसरा हिस्सा इथंच गेला. सेटर ऑफसेट (मशीनमधलं टूलचं सेटिंग) कमी करतो आणि जॉब थंड झाला की अंडरसाइज. मग दोष मशीनला! गेज आर अँड आर (मापांतल्या फरकात गेज आणि मोजणाऱ्याचा वाटा) ३० टक्क्यांच्या वर असेल तर आधी गेजकडे बघा, कंट्रोल चार्ट नंतर.

चार्टवर कंट्रोल लिमिटच्या (प्रोसेसच्या स्वतःच्या आकड्यांवरून काढलेल्या रेषांच्या) जागी ड्रॉइंगच्या लिमिट ओढू नका. आणि कृपा करून प्रत्येक पीसमागे ऑफसेट हलवू नका, त्यानं फरक कमी होण्याऐवजी वाढतो.

पोका-योके, म्हणजे त्या सेन्सरसारखी चूक अडवणारी सोय, लावून विसरणं मला सर्वांत जास्त सलतं. एका लाइनवर प्रॉडक्शन अडतंय म्हणून सेन्सरची वायर बायपास केलेली सापडली, आणि चेकशीटवर मात्र रोज 'ओके'. त्या दिवसापासून शिफ्ट सुरू होताना लाल रंगाचा एनजी मास्टर (मुद्दाम ठेवलेला सदोष पीस) फिक्स्चरमध्ये टाकतो. मशीन थांबलं, तरच पहिला जॉब लावायचा.