उथळ पाण्यातील होडीत अंगावर येणारे तुषार कसे कमी केले

माझी मासेमारीची होडी सपाट तळाची आणि बुटक्या काठांची आहे. त्यामुळे ती वीतभर पाण्यातही सहज जाते. मात्र वारा तिरका असला की आखूड, तुटक लाटांवर नाळ (होडीचे पुढचे टोक) आपटून उडालेले पाणी थेट अंगावर येत असे. निरीक्षणाअंती लक्षात आले की नाळ उंच राहिल्याने लाट तळाच्या सपाट भागावर आदळते, तर नाळ थोडी खाली आणल्यास तिचा धारदार भाग लाट कापतो. म्हणून बॅटरी व इंधनाची टाकी पुढे सरकवली, इंजिनाचे ट्रिम (त्याचा कल) होडीच्या दिशेने आत घेतले आणि वाऱ्याकडील ट्रिम टॅब (होडीच्या मागच्या कडेला असलेले, खाली-वर होणारे सपाट पाते) खाली केला, ज्यामुळे ती बाजू उचलली जाऊन तुषार खालच्या खालीच अडू लागले. खरा फरक या टॅबनेच पडला, असे माझे ठाम मत आहे. नाळेच्या दोन्ही बाजूंना तुषार अडवणाऱ्या पट्ट्याही बसवल्या. लाटा मागून येत असतील, तेव्हा मात्र नाळ पुन्हा उचलावीच लागते, अन्यथा ती पुढच्या लाटेत घुसून होडी अचानक वळण्याचा धोका असतो.