नाव व्हायच्या आधीची वर्षं कशी काढायची? एड शीरनची तीन वर्षं नीट बघा

गाणी लिहिता येतायत, गिटार वाजवता येतेय, पण कोणी बोलवतच नाही, मग करायचं काय? हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, आणि मी प्रत्येकाला एकच सांगतो, इंग्लंडचा गायक-गीतकार एड शीरन याची २००८ ते २०११ ही वर्षं बघा. जानेवारी २०२५ मध्ये तो पुण्यात येऊन गेला तेव्हा सगळ्यांनी स्टेज बघितलं, लाइट्स बघितले, पण आपल्या कामाची गोष्ट त्याच्या खूप आधीची आहे.

तो इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या फ्रॅमलिंगहॅम नावाच्या छोट्या गावातला. २००८ मध्ये लंडनला आला, एका टीव्ही सिरीयलसाठी ऑडिशन दिली, तिथे घेतलं नाही. मग त्याने ठरवलं की नुसतं गात सुटायचं. जेम्स मॉरिसन या ब्रिटिश गायकाने वर्षाला २०० शो केले असं त्याच्या वाचनात आलं होतं, त्याला त्याच्या पुढे जायचं होतं, आणि २००९ मध्ये त्याने ३१२ गिग, म्हणजे छोटे-मोठे शो, केले. आठवड्याला सहा! आता तुम्ही म्हणाल एवढे शो देणार कोण? कोणीच देत नाही हो, ते स्वतः शोधावे लागतात, आणि त्यासाठी एका शोचा खर्च इतका खाली आणावा लागतो की पैसे नाही मिळाले तरी उद्या परत जाता येईल. मला विचाराल तर त्याची सगळी युक्ती यातच आहे.

म्हणून पहिलं काम, बँडच्या मागे लागू नका. चार जणांच्या तारखा जुळवण्यातच महिना जातो. त्याने छोटी गिटार आणि लूप पेडल घेतलं (पायाने दाबायचं यंत्र, वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून परत परत वाजवत राहतं), दोन्ही घेऊन ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या मेट्रोत, चढता येतं, आणि एकटा असला तरी मागे चार माणसं असल्यासारखं वाजतं. पेडल शिकायचं असेल तर असं करा. आधी गिटारच्या लाकडावर तळहाताने ठोका धरा, पेडल दाबा, रेकॉर्ड सुरू, चार मात्रा मोजा, आणि दुसऱ्यांदा पाय पडेल तो पुढच्या 'एक'वरच पडला पाहिजे. तबला ऐकत वाढलेल्यांना मी सांगतो, पाय समेवर पडायला हवा, की लगेच कळतं. पाय जरासा उशिरा पडला तर तेवढी फट दर आवर्तनाला ऐकू येते आणि अख्खं गाणं लंगडतं. ठोका बसला की त्यावर जाड तारांचा बास, मग कॉर्ड, मग आवाजाचा एक थर. घरी मेट्रोनोम लावून, स्टेजवर घालणार तेच बूट घालून प्रॅक्टिस करा, अनवाणी केलेली प्रॅक्टिस बुटात कामाला येत नाही. आणि थर चढवण्यात दोन मिनिटं घालवू नका, लोक मोबाईल काढतात, दुसऱ्या थरानंतर एखादी ओळ गाऊन टाका.

दुसरं, हातात विकायला काहीतरी पाहिजेच. तो पाठीवरच्या बॅगेत स्वतःच्या सीडी घेऊन फिरायचा, शो संपला की तिथेच विकायचा, त्यावर पुढचं तिकीट निघायचं. आता सीडी कोण घेणार म्हणा, पण छोटा क्यूआर कोड छापून घ्या, टी-शर्ट ठेवा, आणि गाणं संपल्यावर दहा मिनिटं दाराजवळ थांबा. एका कॅफेत मी शो संपल्या संपल्या गिटार भरून निघून आलो होतो, नंतर कळलं की दोन जण मला शोधत होते. तेव्हापासून मी थांबतो.

राहायचं कसं, यात मात्र त्याची नक्कल करू नका. तो मित्रांच्या सोफ्यांवर झोपायचा, सोफा नसेल तेव्हा लंडन मेट्रोच्या सर्कल लाइनच्या ट्रेनमध्ये झोप काढायची, बकिंगहॅम पॅलेसजवळ गरम हवेच्या झडपेपाशीही रात्री काढल्यात त्याने. ते वाचून मला अजून गलबलून येतं. तुम्ही घरी राहा, अर्धवेळ नोकरी करा, लाज कसली त्यात, फक्त संध्याकाळ मोकळी राहील अशी नोकरी बघा.

तिसरं, आपल्याच कंपूत बसू नका. अकूस्टिक गाणाऱ्यांच्या लाइनअपमध्ये गिटार घेऊन आलेला सहावा माणूस कोणाच्या लक्षात राहणार? तो रॅप आणि ग्राइमवाल्यांत (ग्राइम म्हणजे लंडनमधला रॅपसारखाच वेगवान प्रकार) शिरला. २०१० मध्ये जमाल एडवर्ड्सच्या एसबीटीव्ही या यूट्यूब चॅनेलवर त्याचा व्हिडिओ आला, त्याच वर्षी तो फारशी ओळखपाळख नसताना लॉस एंजेलिसला गेला, ओपन माइकमध्ये (जिथे कोणीही नाव देऊन गाऊ शकतं) गायला आणि त्यातूनच अभिनेता-गायक जेमी फॉक्सपर्यंत पोचला. जानेवारी २०११ मध्ये वायली, डेव्हलिन अशा रॅपर लोकांना घेऊन स्वतःच ईपी (चार-आठ गाण्यांचा छोटा अल्बम) काढली, ती लेबलशिवाय, म्हणजे रेकॉर्ड कंपनीशिवाय, आयट्यून्सवर दुसऱ्या नंबरला गेली. लेबलचा करार त्यानंतर झाला, हा क्रम लक्षात ठेवा. ऐकणारे आधीच सोबत असतील तर करार करताना तुमच्या शब्दाला वजन येतं.

आणि आवाजाबद्दल रडू नका. त्याने टीव्हीवर स्वतःचं लहानपणीचं रेकॉर्डिंग ऐकवलंय, चक्क बेसूर आहे. गाणी लिहिण्याबद्दल तो नळाची गोष्ट सांगतो, बंद पडलेला नळ सोडला की आधी घाण पाणी येतं, ते वाहून जाऊ द्यायचं, मग स्वच्छ येतं. म्हणजे वाईट गाणीही पूर्ण करायची, अर्धवट सोडायची नाहीत.

आज रात्री एवढंच करा, तुमच्या शहरातल्या ओपन माइकची यादी काढा, वार लिहा, नाव नोंदवायची वेळ लिहा, आणि या आठवड्यातल्या दोन ठिकाणी मेसेज टाकून झोपा.