मानेवरची चरबीची गाठ: या चुका टाळा

"दुखत नाही ना? मग चरबीची असेल, राहू दे." मानेला गाठ आली की घरातला पहिला निकाल हाच. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, बहुतेक वेळा खरोखरच निरुपद्रवी असते. हाताला मऊ लागते, दाबली की बोटाखालून सटकते, वर्षानुवर्षं अगदी हळू वाढते. डोकं-मानेच्या भागात ती सर्वांत जास्त मानगुटीवर दिसते, तीही चाळिशी ते साठीच्या दरम्यान.

पण न दुखणाऱ्या गाठी इतरही असतात. टीबीच्या गाठी, ज्यांना आपण गंडमाळ म्हणतो, त्या सहसा दुखत नाहीत. तोंडाच्या कॅन्सरमुळे मानेत आलेली गाठही सुरुवातीला दुखत नाही. आपल्याकडे तंबाखू आणि मशेरी किती चालते ते पाहता, मानेच्या बाजूची टणक गाठ चरबीची समजून सोडून देणं ही मला सगळ्यांत महागात पडणारी चूक वाटते. दोन-तीन आठवड्यांत न विरलेली गाठ कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. गिळताना वर-खाली होत असेल तर थायरॉइडची शंका घ्यावी लागते, कानाच्या पाळीखाली असेल तर लाळग्रंथीची. मधोमध बारीक काळा ठिपका असेल तर ती बहुधा सिस्ट, म्हणजे कातडीतली पिशवीसारखी गाठ, असते. ती घरी पिळू नका, पिकते.

गाठीवर बिब्बा लावणं अजून थांबलेलं नाही. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, डाग राहतो आणि खालची गाठ जागच्या जागी. मालिशने ती विरत नाही. तूप-तेल सोडलं, वजन उतरलं, तरी लायपोमा जात नाही. उलट बारीक झाल्यावर जास्त उठून दिसतो.

मानेभोवती दोन्ही बाजूंना सारखीच चरबी साचत असेल तर प्रकरण निराळं. मॅडेलुंगच्या आजारात असं होतं आणि तो बराच काळ भरपूर दारू पिणाऱ्या पुरुषांत जास्त आढळतो. या चरबीला आवरण नसतं, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही ती पुन्हा वाढू शकते. मानेच्या मुळाशी मागे उंचवटा आला असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांना सांगा.

"पाच मिनिटांचं काम" म्हणून मानेवरची काय, कपाळावरची गाठही कुठेही काढून घेऊ नका. तिथला लायपोमा पुष्कळदा कातडीखाली नसून स्नायूच्याही खाली, हाडाला लागून असतो. मानेच्या बाजूला खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस असते. ती दुखावली तर हात डोक्यावर नेणं अवघड होतं. म्हणून आधी सोनोग्राफी. गाठ ५ सेंटीमीटरहून मोठी, खोल किंवा भराभर वाढणारी असेल तर एमआरआय आणि सुईची बायोप्सी आधी, चाकू नंतर. मानेतला लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा कॅन्सर, दुर्मीळ आहे, पण तो अशा गाठींतच सापडतो.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीला गेली का, हे विचारायला लाजू नका. आवरणासकट निघालेली गाठ सहसा परत येत नाही. स्नायूत शिरलेली येऊ शकते. काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा काही हाताला लागलं, तर नव्या डॉक्टरांना सगळ्यांत आधी तो जुना रिपोर्ट हवा असतो.