ग्रीक-रोमन इतिहास वाचायला घेताय? या चुका टाळा

तीनेक वर्षं झाली मला हा नाद लागून. आधी व्हिडिओ, मग पुस्तकं, आणि सहा महिन्यांत डोक्यात नुसती खिचडी, कारण मी ट्रॉयपासून रोम पडेपर्यंत सगळं एका दमात वाचायला निघालो होतो. तसं अजिबात करू नका. एक छोटा तुकडा धरा. माझं गाडं रुळावर आलं ते इ.स.पू. ४९० ते ४७९ या काळामुळे, म्हणजे पर्शियाने ग्रीकांवर केलेल्या स्वाऱ्या आणि त्यातल्या चार लढाया, मॅरेथॉन, थर्मोपिली, सलामिस, प्लाटिया, बस. आणि हो, 'ग्रीस' नावाचा एक देश तेव्हा नव्हता हे पहिल्याच दिवशी लक्षात घ्या, अथेन्स वेगळं, स्पार्टा वेगळं, कितीतरी ग्रीक शहरं तर पर्शियाच्या बाजूने होती.

सालांचा घोळ सगळ्यांचाच होतो. इसवी सनापूर्वी आकडे उलटे उतरतात आणि मध्ये शून्य साल नाहीच, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. रोमचा सम्राट ऑगस्टस जन्मला इ.स.पू. ६३ च्या सप्टेंबरात, गेला इ.स. १४ च्या ऑगस्टमध्ये, बेरीज केली की ७७ येतात पण गडी ७६ पूर्ण व्हायला महिनाभर बाकी असताना गेला. वहीच्या शेवटच्या पानावर एक आडवी रेघ मारून ठेवा आणि वाचाल ते साल तिच्यावर टाकत जा, मोबाईलपेक्षा याचा जास्त उपयोग होतो.

नावं. ज्युलियस सीझरच्या दोन्ही बहिणी ज्युलिया, आत्या ज्युलिया, मुलगीपण ज्युलिया! रोमन घराण्यात मुलींना घराण्याचंच नाव मिळायचं, त्यामुळे प्रत्येकीपुढे 'कोणाची कोण' हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. यातल्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा मुलगा म्हणजे ऑक्टेव्हियन, आणि इ.स.पू. २७ पासून पुस्तकं त्यालाच ऑगस्टस म्हणतात, मी बरेच दिवस ही दोन माणसं समजत होतो. पहिला सम्राट तो. सीझर सम्राट नव्हता, तो डिक्टेटर होता, म्हणजे रोमने नेमलेला सर्वाधिकारी.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि यावर मला खरंच कळकळीने सांगायचंय. वाचलेलं वाक्य कोणी लिहिलंय आणि घटनेनंतर किती वर्षांनी, हे न बघता आपण पुढे जातो. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला, आणि ज्यांच्यावर आपण विसंबतो ते प्लुटार्क आणि एरियन हे ग्रीक लेखक चारशेपेक्षा जास्त वर्षांनी लिहितायत. एरियन सांगतो की मी टॉलेमी आणि अरिस्टोब्युलसचं प्रमाण मानलं, दोघंही अलेक्झांडरबरोबर मोहिमेत होते, शिवाय टॉलेमी पुढे राजा झाला आणि राजाने खोटं बोलणं इतरांपेक्षा जास्त लाजिरवाणं, म्हणून तो विश्वासाचा. हे कारण वाचून मी तिथेच थांबलो होतो. असली कारणं शोधत वाचा, मजा त्यातच आहे.

हिरोडोटस, म्हणजे वर सांगितलेल्या पर्शियन स्वाऱ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रीक, पर्शियन पायदळ १७ लाख सांगतो. मोजणी कशी, तर दहा हजार माणसं दाटीने उभी करायची, भोवती गोल आखायचा, त्यावर बेंबीएवढी भिंत बांधायची आणि मग तेच कुंपण पुन्हा पुन्हा भरायचं. म्हणजे १७० वेळा! आजचे अभ्यासक आकडा याच्या कितीतरी खाली आणतात. पण म्हणून हिरोडोटस फेकून देऊ नका, तो स्वतःच म्हणतो की लोक सांगतात ते नोंदवणं माझं काम, सगळ्यावर विश्वास ठेवायला मी बांधील नाही. आकड्यासमोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा आणि पुढे वाचा.

रोम जळत असताना सम्राट नीरो फिडल वाजवत होता ही गोष्ट सोडून द्या, इ.स. ६४ मध्ये तसलं वाद्यच नव्हतं, आणि रोमन इतिहासकार टॅसिटस म्हणतो की आग लागली तेव्हा नीरो रोममध्येही नव्हता, अँटियम या दुसऱ्या गावी होता.

शेवटची चूक, हे सगळं फार लांबचं आहे असं समजणं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी माहितीपुस्तकात कल्याण, पैठण आणि तेर आहेत, तेरचं नाव तिथे तगर. कोल्हापूरला गेलात तर महालक्ष्मीचं दर्शन झालं की टाउन हॉल म्युझियममध्ये जा. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती तिथे आहे, समुद्राचा ग्रीक देव, पंचगंगेच्या काठी सापडलेला. घाई न करता बघा.