सिफ्नोस बेटाची रेविथाडा, नागपूरच्या ओव्हनमध्ये

ग्रीसमधल्या सिफ्नोसवर शनिवारी रात्री रेविथाडाचं, म्हणजे काबुली चण्यांच्या रस्स्याचं, मातीचं भांडं लाकडाच्या भट्टीत जातं आणि रविवारी चर्चहून आल्यावर जेवायला निघतं. मसाला जवळजवळ नाहीच; सगळी करामत मंद आचेची.

इतवारीतून अर्धा किलो नवे काबुली चणे आणा. जुने शिजता शिजत नाहीत. १२ तास भिजवा. उन्हाळ्यात मात्र फ्रीजमध्येच, नाहीतर सकाळी फेस येऊन आंबलेले सापडतील. बोअरचं जड पाणी टाळा, त्याने चणे टणक राहतात.

मातीच्या हंडीत चणे, तीन कांदे उभे चिरून, १५० मिली ऑलिव्ह तेल (कंजुसी नको, रस्सा त्यानेच दाट होतो), मीठ आणि चण्यांवर दोन बोटं पाणी. आपला तेजपत्ता दालचिनीकडे झुकतो, म्हणून एकच पान, तेही छोटं. झाकण कणकेने लिंपा.

हंडी थंड ओव्हनमध्येच ठेवा. तापलेल्यात ठेवली की तडकते. १६० अंशांवर साडेचार-पाच तास. चणा बोटांनी दाबला की लोण्यासारखा दबला पाहिजे, साल मात्र शाबूत. कुकरमध्ये नेमकी सालं सुटतात आणि रस्सा पातळ राहतो.

लिंबू ताटात पिळा. आधी घातलं तर चणे शिजणारच नाहीत.