गोधडीतल्या गडद कापडाचा रंग पांढऱ्यावर उतरू नये म्हणून

महिनाभर बसून शिवलेल्या गोधडीची पहिल्याच धुण्यात वाट लागते. मरून तुकड्याशेजारचा पांढरा गुलाबी होतो, काळ्याशेजारचा राखाडी. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचं नाही का!" मीठ, व्हिनेगर, तुरटी. हे ऐकून माझे कान किटले आहेत.

बाजारातल्या रंगीत सुती कापडावर यांतल्या कशाचाही उपयोग नाही. मीठ रंगाऱ्याच्या कामाचं. कापड रंगवताना ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. व्हिनेगरसारखं आम्ल लागतं लोकर-रेशमाच्या रंगांना. तुरटी लागते झाडपाल्याच्या रंगांना, तीही बहुतेक रंगवण्याआधी. मिठाच्या पाण्यात रंग कमी गेल्यासारखा वाटतो हे खरं, पण त्याचं कारण मीठ सुटा रंग कापडावरच दाबून ठेवतं. तोच रंग पुढे साध्या पाण्यात बाहेर येतो, तेव्हा गोधडी शिवून झालेली असते.

म्हणून रंग 'पक्का' करण्याच्या मागे लागू नका. धाग्याला न चिकटलेला जास्तीचा रंग शिवण्याआधीच काढून टाका.

कापड कापण्याआधी धुवायचं, नवं असो की आजीचं लुगडं. कडांना झिगझॅग मारून घ्या. गडद रंग वेगवेगळे धुवा.

खरं काम पुढे आहे आणि बहुतेक जण तिथेच घाई करतात. मलाही सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने. आधी गार पाण्यात कापड दोन-तीनदा खळबळून काढा. खळ जाते, रंगवताना राहिलेलं मीठ असेल तर तेही जातं. हे मीठ राहिलं तर पुढच्या गरम पाण्यातही सुटा रंग धाग्याला धरून बसतो. मग कडकडीत पाणी. गिझरचं पाणी पुष्कळदा पुरत नाही. गॅसवर पातेलंभर उकळून बादलीत ओता. हाताला सोसवेल ते पाणी या कामाला गारच समजा, ६० अंशांच्या वर हवं. थोडा पातळ डिटर्जंट घाला, कापड मोकळं तरंगेल इतकं पाणी घ्या आणि अर्धा तास ठेवून मधूनमधून लाकडी काठीने हलवा. कोंबून भिजवलं तर सुटलेला रंग त्याच कापडावर परत बसतो. पाणी फेका आणि पुन्हा तेच. गार पाण्यात रंग गेला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. गार पाणी फसवतं.

पुण्यात वाघोली, उंड्रीकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर एक-दोन पाणी जास्तच काढावी लागतील. जड पाण्यात सुटा रंग नीट विरघळत नाही. खडकवासल्याचं नळाचं पाणी या कामाला कितीतरी चांगलं.

आता परीक्षा. शेवटचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरा. ते स्वच्छ दिसलं तरी थांबू नका. ओल्या गडद कापडावर मांजरपाटाची ओली पट्टी अंथरा, वर ताटली ठेवा आणि दोन्ही तसंच वाळू द्या. पांढऱ्यावर रंग चढतो तो ओलं कापड कापडाला चिकटून पडलेलं असताना, म्हणून घाईने पट्टी घासून बघण्याला अर्थ नाही. वाळल्यावर पट्टीची कड बघा. तिथे फिकट गुलाबी रेघ दिसली तरी कापड नापास.

पाच-सहा गरम पाण्यांनंतरही रंग येतच असेल तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका. कितीही आवडतं असलं तरी नाही. काही स्वस्त रंग सुताला घट्ट धरतच नाहीत, ते दर धुण्याला थोडे थोडे जात राहतात. अशा कापडाची वेगळी, सगळीच गडद गोधडी करा.

खण आणि इरकलीचा रेशमी पदर उकळत्या पाण्यात घालू नका. त्यांची पट्टी-परीक्षा कोमट पाण्यात घ्या, आणि अशा गोधडीला पुढेही गरम पाणी दाखवू नका. लाल-काळ्या दोऱ्याचीही परीक्षा घ्या, धावदोरा पांढऱ्यावरूनच जातो.

शिवलेली गोधडी पहिल्यांदा धुताना मशीनमध्ये रंग पकडणारे कागद टाकायला हरकत नाही. पण ते पाण्यातला रंग टिपतात, एका तुकड्याचा शेजारच्यावर लागणारा रंग नाही. त्यामुळे धुणं झाल्याबरोबर गोधडी बाहेर काढा आणि मोकळी पसरून वाळवा. नवरात्राआधीच्या धुण्यात ओल्या गोधड्यांची चळत रचून ठेवतात, तेवढं मात्र करू नका.

तरीही सुती गोधडीवर रंग उतरलाच, तर तिला वाळू देऊ नका, इस्त्रीच्या जवळही नेऊ नका. मोठ्या टबात भरपूर कडकडीत पाणी आणि डिटर्जंट घालून पूर्ण बुडवा, रात्रभर ठेवा. वर तरंगणारा कोपरा ताटलीने दाबा, नाहीतर तिथे डागाची कड उमटते. सकाळी पाणी रंगीत असेल तर नवं पाणी घेऊन पुन्हा बुडवा.